हळद-गुळाचा खेळ

सरांना ‘जेवलात का?’ असं विचारायची सोय नव्हती. ते चष्मा कपाळावर सरकवून समोरच्याकडे बघत आणि म्हणत, “याच्याबरोबर आणखी काय विचारणार आहेस, ते आधी सांग.” विचारणारा गोंधळला की सरांची कळी खुलायची. मग जिन्यात, कॅन्टीनमध्ये, एकदा तर एका प्राध्यापकाच्या वडिलांच्या दहाव्याला कृष्णेच्या घाटावर, ते समजावून सांगायला लागायचे की उत्तर असं आधीपासून कुठे खिशात तयार नसतं. कोणत्या प्रश्नाच्या सोबतीनं विचारलं, यावर ते ठरतं. ‘जेवलात का?’ आणि ‘बसता का पानावर?’ हे एकत्र विचारलं तर उत्तर एक, ‘जेवलात का?’ आणि ‘गोळी घेतलीत का?’ हे एकत्र विचारलं तर दुसरं. तोवर ज्यानं विचारलं त्यालाच भूक लागलेली असे.

अणूंच्या जगात हे असंच चालतं, आणि त्यात खोटं काहीच नाही. सरांची तक्रार एवढीच होती की माणसं अजून अणूंइतकी सुधारलेली नाहीत.

मी कोयनानगरच्या धरण-वसाहतीत वाढलेली. एमएस्सी झाल्यावर सांगलीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला तासिका तत्त्वावर लागले. तासिका तत्त्व म्हणजे कायम नोकरीचं सगळं काम आणि कायम नोकरीतलं बाकी काहीच नाही. सर आमच्या विभागाचे प्रमुख. मुलाखतीत बाकीच्या साहेबांनी मला प्रकाशाचे नियम विचारले. सरांनी विचारलं, “तुमच्याकडे भूकंप होतात. आधी कुत्री भुंकतात का?” मी म्हटलं, “भुंकतात, पण ती रोजच भुंकतात.” सर टेबलावर थाप मारून ओरडले, “घ्या हिला! रोज भुंकणारं कुत्रं काहीही माहिती देत नाही, हे हिला कळतं!” अशी माझी निवड झाली. आमच्या वसाहतीतल्या कुत्र्यांची मी अजूनही ऋणी आहे.

राहायला जागा मिळेना, तेव्हा विश्रामबागेतल्या त्यांच्या घरावरची खोली त्यांनी मला दिली. म्हणजे दिली काकूंनी. सरांना घरावर खोली आहे हे तेव्हाच कळलं असावं.

कॉलेजात त्यांची कीर्ती नऊ चौकटींची होती. तासाला उशिरा येणाऱ्या पोराला ते दारातच एक कागद द्यायचे. त्यावर तीन ओळी, तीन रकाने, अशा नऊ चौकटी. “यात फुल्या भर. प्रत्येक आडव्या ओळीत फुल्यांची संख्या सम यायला हवी, प्रत्येक उभ्या रकान्यात विषम. जमलं की आत ये.” पोरगं खुशीत व्हरांड्यात बसायचं. सोपं वाटतं ना? करून बघा. ओळींनी मोजल्या तर एकूण फुल्या सम येणार, रकान्यांनी मोजल्या तर विषम. म्हणजे ते पोरगं निवृत्त होईपर्यंत तिथेच बसणार. पावसाळ्यात तर व्हरांड्यात आतल्यापेक्षा मोठा वर्ग भरायचा. पालक तक्रार घेऊन आले की सर त्यांनाही एकेक कागद द्यायचे.

शेवटी जतच्या एका पठ्ठ्यानं ते जमवलं. त्यानं दोन कागद भरून आणले आणि तो शांतपणे म्हणाला, “सर, आडवं इचारलं तर ह्यो कागद, उभं इचारलं तर त्यो.” आम्हाला वाटलं, आता याची धडगत नाही. सरांनी त्याला मिठी मारली. डोळ्यांत पाणी. “हेच! हेच!” म्हणत त्याला हाताला धरून पहिल्या बाकावर नेऊन बसवलं. त्या मुलाला परीक्षेत पदार्थविज्ञानात काठावरचे गुण पडले, पण सर सांगत राहिले की विषय कळलेला जिल्ह्यात तो एकटाच. म्हणजे आम्ही शिकवणारे कोण, ते आमचं आम्ही समजून घ्यायचं.

पण हा झाला सरांचा पोरखेळ. त्यांचं खरं दुखणं वेगळंच होतं. ते एका खेळात होतं, आणि तो खेळ सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

दोन माणसं घ्यायची. एक या खोलीत, एक त्या खोलीत. वेगळं होण्याआधी काय खलबत करायचं ते करा, मग बोलणं बंद. दोघांपुढे वेगवेगळं नाणं उडवायचं. छापा पडला तर त्याला ‘हळद’ म्हणायचं, काटा पडला तर ‘गूळ’. त्यावर त्यानं ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. दोघांची उत्तरं सारखी आली की जिंकलात. फक्त दोघांनाही गूळ आला, तर उत्तरं वेगळी यायला हवीत. अडचण एवढीच, की आपल्याला काय आलं ते आपल्याला कळतं, पलीकडे काय आलं ते कळत नाही.

थोडी अक्कल असलेली जोडी लगेच ओळखते की काहीही आलं तरी दोघांनी ‘हो’ म्हणत राहावं. मग हार फक्त गूळ-गूळ आल्यावर. सरासरीनं चारात तीनदा जिंकायचं. याच्यापुढे कितीही शहाणपण केलं तरी जाता येत नाही. पण एकाच उगमातून निघालेले दोन प्रकाशकण असतात. त्यातला एक मिरजेत, एक माधवनगरात नेऊन ठेवला आणि त्यांच्या कलानं उत्तरं दिली, तर शंभरात पंच्याऐंशीच्या आसपास जिंकता येतं. एक शब्दही इकडचा तिकडे न जाता. हे जगातल्या प्रयोगशाळांनी पुन्हा पुन्हा तपासलेलं आहे. मी पहिल्यांदा शिकले तेव्हा मलाही रात्री झोप आली नव्हती.

सरांना ती कधीच आली नाही. कारण त्यांचा प्रश्न पुढचा होता. पंच्याऐंशीच का? निसर्ग एवढा पुढे गेला, मग शंभर का नाही? कोण अडवतं? त्यांचं म्हणणं असं, की शंभर जमले असते तर पलीकडच्याला एकच खूण पाठवून त्याला अख्ख्या लायब्ररीतलं हवं ते एक अक्षर, आयत्या वेळी स्वतः निवडून, वाचता आलं असतं. निसर्गाला हे खपत नाही. जेवढं पाठवलं तेवढंच कळेल, एवढा तो माहितीच्या बाबतीत चिक्कू आहे. हा विचार सरांचा एकट्याचा नव्हता, जगात बरेच लोक त्यावर काम करतात. फक्त ते लोक तो रिक्षास्टँडवर बोलून दाखवत नाहीत. सरांनी तो खेळ दोन रिक्षावाल्यांना खेळायला लावला, ऑफिसातल्या कारकुनांना लावला, भाजी मंडईतल्या सासू-सुनेला लावला. सासू-सुनेत आधीचं खलबतच पुरं होईना. “तिनं ‘हो’ म्हनायचं आन् मी बी ‘हो’च? मग मोठी कोण?” असा सासूबाईंचा मुद्दा होता.

या नादात एकदा सर मार्केट यार्डात गेले. पूर्वी हळदीचा सौदा रुमालाखाली व्हायचा. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबायचे, भाव ठरायचा, भोवतीच्या माणसांना काही कळायचं नाही. आता बोली उघड होते, पण काही जुने व्यापारी हौसेखातर रुमाल टाकतात. आटपाडीकडचे एक तात्या त्यातले. त्यांचे आजोबा मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडले, तात्यांनी सांगलीत हळदीचं दुकान टाकलं. सर तात्यांना म्हणाले, रुमालाखालून नेमकी किती माहिती जाते ते मला मोजायचं आहे. तात्या म्हणाले, “मोजा की. घाला हात.” सरांनी हात घातला आणि तात्यांच्या बोटांनी जे केलं तेच आपल्या बोटांनी करून बघितलं. तात्यांनी रुमाल झटकला. “झाला सौदा. पोती कुठं टाकू?”

अशी हळकुंडांची दोन पोती सरांच्या घरी आली. पुढचं वर्षभर कॉलेजातल्या प्रत्येकाला लग्न, बारसं, बढती, काहीही असो, सरांकडून हळद मिळाली. आणि त्या पोत्यांबरोबर, पोती उचलून, तात्यांचा मुलगा सिद्धू आला. दार मुक्तानं उघडलं.

मुक्ता सरांची एकुलती मुलगी. मार्केट यार्डाजवळच्या औषधाच्या दुकानात ती फार्मासिस्ट होती. त्यानंतर सिद्धूला हळदीच्या धुळीनं खोकला सुरू झाला. तो खोकला मी प्रत्यक्ष ऐकलेला आहे. तो दुकानाच्या पायरीवर सुरू व्हायचा आणि मुक्ता काउंटरवर नसली तर तिथेच बरा व्हायचा.

मुक्ताच्या लग्नाचं तोवर फार हसं झालं होतं. सर पत्रिका मानत नसत. म्हणत, ग्रह एवढ्या लांबून सल्ला देत बसत नाहीत. इथवर ठीक. पण पत्रिकेच्या जागी त्यांनी तो खेळ आणून ठेवला. मुलगा बघायला आला की भडंग-चहा व्हायचा आणि मग सर खिशातून नाणं काढायचे. दोन खोल्यांत लांब बसून ज्यांना एकमेकांचं ऐकू न येता एकमेकांशी नीट वागता येतं त्यांचाच संसार होतो, असं त्यांचं तत्त्वज्ञान. ऐकायला बरं वाटतं. खंडाळ्याहून आलेला कारखान्यातला एक इंजिनिअर तिसऱ्या नाण्याला उठला आणि चपला घालून निघून गेला. दुसऱ्या एकाच्या आईनं विचारलं, “यांना बरं नसतं का?” काकूंनी दर वेळी ट्रे आत नेला, दर वेळी भडंग डब्यात परत भरलं. त्या काही बोलायच्या नाहीत. मला त्यांचा तेव्हा रागच यायचा. एवढं सोसून गप्प कसं बसवतं, असं वाटायचं.

मग मुक्तानं सिद्धूचं नाव घेतलं.

मी तेव्हा स्वयंपाकघरात काकूंना लसूण सोलून देत होते, त्यामुळे सगळं ऐकलं. जात कोणतीही चालेल, माणूस चांगला हवा, हे सर आयुष्यभर व्यासपीठावरून सांगत आले होते. टाळ्याही घेत आले होते. मुक्तानं बापाला तोंडपाठ असलेलं तेच वाक्य बापाला म्हणून दाखवलं. सरांनी खिशातलं नाणं चाचपलं. मग म्हणाले, “माझी काही हरकतच नाही. जातबीत आपण मानत नाही. फक्त खेळ. आणि तू माझी मुलगी आहेस, तुला ‘हो-हो’ची युक्ती लहानपणापासून माहीत आहे, म्हणून तुमच्यासाठी चारात तीन चालणार नाही. त्याच्या वर जाऊन दाखवा. स्पष्ट वर.”

काकूंचा हात फोडणीवर थांबला. माझाही लसणावर.

चारात तीनच्या वर माणसाला जाता येत नाही. हे सरांनीच आम्हाला शिकवलं होतं. रिक्षास्टँडवरच्या लोकांनाही ते माहीत झालं होतं. सरांनी मुलीला ‘नाही’ म्हटलं होतं. फक्त ते गणितात म्हटलं होतं, म्हणजे कुणाला बोट दाखवता येऊ नये. नात्यातले लोक कुजबूज ऐकून आदल्याच आठवड्यात येऊन ‘पोतं उचलणारा जावई’ वगैरे बोलून गेले होते, आणि सर तेव्हा त्यांच्यावर ओरडले होते. मी त्या दिवशी मनात त्यांना टाळ्या दिल्या होत्या. त्या आता परत घ्याव्याशा वाटल्या. उघड विरोध करणारा बाप मी समजू शकते. हा पुरोगामी राहून विरोध करत होता, आणि वर खेळाचे नियम समजावून सांगत होता.

संध्याकाळी मुक्ता जिन्यात बसली होती. “बाबा सरळ नको म्हणाले असते तर मी सरळ निघून गेले असते,” ती म्हणाली. “आता भांडू कशावर? सिद्धू म्हणतो, पळून नाही जायचं, तुझे बाबा हो म्हणतील तरच. आणि त्याच्या घरचे चैत्रापर्यंत थांबणार. मग आटपाडीची एक मुलगी आहे.” ती रडली नाही. नखावरचा हळदीचा डाग घासत राहिली. मला सरांचा इतका राग आला की त्या रात्री मी वर खोलीत मुद्दाम पाय आपटत चालले.

खेळाची दुपार ठरली. तात्या आणि सिद्धू आले. तात्यांनी नवं जाकीट घातलं होतं. नियम ऐकून ते म्हणाले, “म्हंजी रुमालाखालचा सौदाच की. फकस्त हात न्हाई आन् रुमाल बी न्हाई.” सरांना हे इतकं आवडलं की क्षणभर मला वाटलं, तात्यांना ते एकटे हो म्हणतील आणि सिद्धूला नाही.

बंदोबस्त मात्र सरांनी जोरदार केला होता. सगळ्यांचे मोबाइल कुकरमध्ये ठेवून झाकण लावलं, लहरी बाहेर जाऊ नयेत म्हणून. लगेच कुकर वाजायला लागला. तात्यांच्या दुकानातून फोन होता. झाकण काढून फोन बंद करून सगळे परत आत. घराच्या तीन खोल्या एका ओळीत होत्या. पुढच्या खोलीत सिद्धू आणि त्याच्यापुढे सर, मागच्या खोलीत मुक्ता आणि तिच्यापुढे मी, आणि मधे स्वयंपाकघर. एका खोलीतलं दुसरीत ऐकू जाऊ नये म्हणून सरांनी काकूंना हुकूम केला, “तू मिक्सर चालू ठेव. काहीही वाट. आवाज हवा.” आवाजात काही ऐकू येणार नाही, म्हणून हळदीसाठी पिवळा पुठ्ठा आणि गुळासाठी तपकिरी पुठ्ठा दाखवायचं ठरलं. उत्तर द्यायचं ते खडूनं पाटीवर. खेळणाऱ्यांनी स्वयंपाकघराकडे पाठ करून बसायचं. डाव सुरू झाला हे कळायला सर हातातल्या काठीनं मधल्या भिंतीवर ठोकणार.

आता माणसं कशी बसली होती ते बघा. सिद्धूची पाठ स्वयंपाकघराकडे, मुक्ताची पाठ स्वयंपाकघराकडे. म्हणजे पुठ्ठा धरणारे सर आणि मी, आमची तोंडं स्वयंपाकघराकडे. स्वयंपाकघराच्या दोन्ही दारांना पडदे असायचे. काकूंनी ते त्या दिवशी सकाळीच धुवायला काढले होते. ओट्याशी उभं राहून मान जराशी वळवली की काकूंना इकडचा पुठ्ठा दिसायचा आणि तिकडचाही. सर अख्खी दुपार बायकोकडे तोंड करून बसले होते, आणि त्यांना तिथे फक्त एक मिक्सर दिसत होता.

खेळ सुरू झाला. काकू शेंगदाण्याचा कूट करत होत्या. भिंतीवर ठोका, नाणं, पुठ्ठा, पाटीवर उत्तर. मुक्ता लगेच लिहायची नाही. जराशी थांबायची, छताकडे बघायची, मग ‘हो’. पुन्हा ‘हो’. मग मधेच मिक्सरला उचकी लागल्यासारखा आवाज थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा, आणि मुक्ता ‘नाही’ लिहायची. मला कळलं होतं का? याच्याबरोबर आणखी काय विचारणार आहात, ते आधी सांगा.

दर थोड्या डावांनी सर दोन्ही पाट्या जुळवून बघायचे. पहिल्यांदा जुळवल्या तेव्हा नुसते “हं” म्हणाले. दुसऱ्यांदा चष्मा पुसला. तिसऱ्यांदा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. चारात तीनच्या वर, कितीतरी वर! सर कापऱ्या आवाजात मला म्हणाले, “अगं, हे पंच्याऐंशीच्या जवळ चाललंय. माझ्या घरात!” मुलीचं लग्न, हळदीवाला जावई, नातेवाईक, सगळं त्यांच्या डोक्यातून गेलं होतं. जगभरचे लोक ज्यासाठी बर्फाहून गार यंत्रं बांधतात ते आपल्या भडंगाच्या वाटीशेजारी घडतंय, या आनंदात ते लहान मुलासारखे उड्या मारत पुढच्या खोलीत गेले. तेवढ्यापुरते मला ते फार आवडले, हेही सांगून टाकते.

पुढच्या वेळी त्यांनी पाट्या जुळवल्या आणि उड्या थांबल्या. एकही हार नव्हती. गूळ-गूळच्या प्रत्येक डावात उत्तरं वेगळी. पंच्याऐंशी निसर्गाला जमतात. शंभर निसर्गाला जमत नाहीत, यावर तर त्यांनी जन्म काढला होता.

आणि तेवढ्यात लाइट गेली.

मिक्सर थांबला. घरात एकदम शांतता. सर म्हणाले, “चालू राहू दे. कुणी बोलायचं नाही.” मुक्ता थांबली, छताकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि ‘हो’ लिहिलं. पुढच्या डावालाही ‘हो’. त्यानंतरही. आता गूळ-गूळ आला की दोघं हरायला लागली. सरांनी पाट्या जुळवल्या. बरोबर माणसांना शोभेल असा निकाल. लाइट आली, मिक्सर घरघरला, आणि पुन्हा एकही हार नाही.

सरांनी हातातला तपकिरी पुठ्ठा खाली ठेवला. त्यांच्यातला शिक्षक फार चांगला होता, हे मला तेव्हाही नाकारता आलं नाही. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. पुढच्या खोलीतून आमच्या खोलीकडे बघितलं, मग मधल्या दोन्ही दारांकडे, पडदे नसलेल्या दांड्यांकडे. मग ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभे राहिले. आम्ही सगळेच मागोमाग आलो. ओट्यावर परातभर कूट साठला होता. एवढ्या कुटाचं पुढे काय झालं म्हणाल तर, महिनाभर मी त्या घरात कूट नसलेली भाजी खाल्ली नाही.

“हे तू केलंस?” सर म्हणाले.

काकूंनी बटण बंद केलं. हात पदराला पुसले.

“केलं.”

“ही फसवणूक आहे. माहिती मधून गेली. मी दोघांचं बोलणं तोडलं होतं, सगळे मार्ग बंद केले होते. तू मधे...” त्यांनी मिक्सरकडे बोट दाखवलं. “तू मधे आवाज म्हणून होतीस!”

तात्यांनी खाली बघितलं. सिद्धूला खोकला आला, आणि या वेळी तो खरा होता. काकूंच्या चेहऱ्यावर मात्र काहीच हललं नाही. इतकी वर्षं परत भरलेल्या भडंगाचा तो चेहरा असावा.

“मी एक विचारू?” त्या म्हणाल्या.

सरांचा हात सवयीनं चष्म्याकडे गेला. “याच्याबरोबर आणखी काय विचारणार आहेस, ते आधी...”

“काही नाही. आणखी काहीच विचारणार नाही. हा एकटाच प्रश्न आहे. ही अट पुरी होणार नाही, हे ती घालताना तुम्हाला माहीत होतं ना?”

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांचीच विद्यार्थिनी असल्यासारखी होते, मी काय सांगणार? त्यांनी तात्यांकडे बघितलं, नव्या जाकिटाकडे. मग मुक्ताकडे. तिच्या हातात पाटी होती आणि तिच्यावर शेवटचं ‘नाही’ तसंच होतं. प्रश्नाला सोबत नव्हती. त्याला वळवायला बाजूला दुसरा प्रश्नच नव्हता. आयुष्यभर ज्यानं साधं जेवण झालं का याचं उत्तर दिलं नाही, तो माणूस उंबऱ्यात उभा होता आणि चष्म्याकडे गेलेला हात त्यानं खाली घेतला होता.

“होतं,” सर म्हणाले.

“मग तेवढं मुलीला सांगा,” काकू म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला वळल्या.

सरांना ते सांगायला फार त्रास झाला. “मला... तुम्ही जमवू नये असंच वाटत होतं,” एवढंच ते मुक्ताला म्हणाले, आणि मग सिद्धूला म्हणाले, “बस.” तो अजून पाहुण्यासारखा उभाच होता. मुक्ता तेव्हा रडली. पाटी छातीशी धरून, आवाज न करता. मग तात्यांनी घसा खाकरला आणि ते म्हणाले, “वैनी, मिक्सर लय भारी हाय तुमचा. कवाचा म्हनायचा?”

“लग्नातला,” काकू म्हणाल्या.

चैत्र उजाडायच्या आधी लग्न झालं. नात्यातले काही आले नाहीत. जे आले त्यांना सरांनी मांडवात गाठून खेळाचे नियम सांगितले. पुढे त्यांनी ‘बाह्य गोंगाटातून होणारी माहितीची गळती’ यावर एका छोट्या परिषदेत निबंध वाचला. शेवटी आभार मानले ते घरगुती मिक्सरचे. काकूंचं नाव त्यात नव्हतं. मी ते त्यांना तोंडावर ऐकवलं, तर म्हणाले, “अगं, प्रयोगात सगळी उपकरणं नावानिशी लिहीत नाहीत.” म्हणजे एका दुपारीत माणूस सुधारतो वगैरे काही नाही.

मी आता साताऱ्यात आहे. सर निवृत्त झाले. मागे सांगलीला गेले तेव्हा त्यांच्याकडे डोकावले. मुक्ताची मुलगी जमिनीवर बसून नऊ चौकटींत फुल्या भरत होती. आजोबा तिला मुळीच मदत करत नव्हते. मी खोडी काढायला विचारलं, “काय सर, लागलं का उत्तर? शंभर का नाही?”

सर पुढे सरकून बसले. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिथे आता पडदे नाहीतच, काकूंनी ते पुन्हा लावलेच नाहीत. आवाज खाली आणून म्हणाले, “निसर्गाला मधली खोली नाही ना.”

आतून काकूंचा आवाज आला, “अहो, जेवायला वाढू का?”

सरांचा हात चष्म्याकडे गेला. तोंडही उघडलं. माझ्याकडे एकदा बघितलं.

“वाढ,” ते म्हणाले.